आपल्या सहलीचा बेत आपणच आखायचा तर

शिट्टी वाजली तेव्हा मी एका बंदराच्या कठड्याला टेकून उभी होते. खाली एक म्हातारा कोळी फाटलेलं जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरून शिवत होता. हात इतका बसलेला की नजर जाळ्यावर नव्हतीच. समोरच्याशी गप्पा चालू होत्या आणि गाठी आपोआप पडत होत्या. अजून दहा मिनिटं मिळाली असती तर ती गाठ कशी घालतात ते मला कळलं असतं. पण टूरच्या कागदावर 'बंदर – २० मिनिटं' एवढंच होतं. बसमध्ये चढले. पुढचा दीड तास एका भल्यामोठ्या दुकानात गेला. मला तिथून काहीही घ्यायचं नव्हतं.

टूरवाल्यांचं त्यात काही चुकलं असं नाही. चाळीस जणांना वेळेत फिरवून आणायचं म्हणजे शिट्टी हवीच. १८४१ साली इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या माणसाने सुमारे ५०० लोकांना रेल्वेने लेस्टरहून लफबरोला नेऊन आणलं, तेव्हापासून या धंद्याचं गणित तेच आहे: सगळ्यांना सारखं, सगळ्यांना एकदम. मला मात्र त्या दिवशी समजलं की आपल्याला यातलं निम्मं नको आहे, आणि जे हवं आहे ते कुणाच्याच कागदावर नाही.

पुढच्या सहलीचा बेत मी स्वतः आखला. तीन महिने लागले आणि चुकाही भरपूर केल्या. त्यातल्या बऱ्याचशा टाळता येण्यासारख्या होत्या, म्हणून हे लिहितेय.

एवढा खटाटोप कशासाठी?

पैसे वाचतात म्हणून, असं बरेच जण सांगतात. कधी वाचतात, कधी नाही. माझ्या लेखी खरी कमाई वेगळी आहे. २०१० साली नेदरलँड्समधल्या १,५३० जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सुट्टीवर जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसली, पण निघण्याआधी! परतल्यावर फारसा फरक उरला नव्हता. अपवाद फक्त अगदी निवांत सुट्टी घालवून आलेल्यांचा. यातून मी माझ्यापुरते दोन अर्थ काढले. निघण्याआधीचे दिवस हाही सहलीचाच भाग आहे, तो दुसऱ्याला कशाला देऊन टाकायचा? आणि बेत निवांत हवा.

दुसरी कमाई तिथे पोचल्यावर कळते. मी उतरले ते शहर कधीच पाहिलेलं नव्हतं, पण तिसऱ्या गल्लीला डावीकडे वळलं की पूल लागणार हे ठाऊक होतं. वळले, आणि पूल होता. त्या शहराच्या नकाशावर इतक्या रात्री घालवल्या होत्या की जुन्या ओळखीचं माणूस स्टेशनवर न्यायला आल्यासारखं वाटलं.

एक मात्र आधीच सांगते. सगळंच स्वतः करण्याचा हट्ट नको. पेरूमधल्या इंका ट्रेल या डोंगरवाटेवर परवानाधारक आयोजकाशिवाय जाताच येत नाही. उंच डोंगर, वाळवंट, जंगल अशा ठिकाणी जाणता वाटाड्या घ्यायलाच हवा. बेत आपला ठेवून त्यातले दोन दिवस दुसऱ्याच्या हाती द्यायला काहीच हरकत नाही.

१. ठिकाणाच्या आधी कारण लिहा

एक वही घ्या. फोनमध्ये नको, कागदाचीच. पहिल्या पानावर ठिकाणाचं नाव न लिहिता, परत आल्यावर आपल्याजवळ काय असायला हवं ते लिहा. 'भरपूर झोप.' 'एकदा खरा अंधार आणि आकाशगंगा.' 'आईला बर्फ दाखवायचा.' माझ्या पहिल्या वहीत 'बंदरावर बसणे, घड्याळ न बघता' असं होतं.

बाळबोध वाटेल, पण पुढच्या प्रत्येक निवडीला हे पान उपयोगी पडतं. सगळे म्हणतात म्हणून एखादं ठिकाण घुसायला लागलं की पहिलं पान उघडायचं. कारणात बसत नसेल तर ते काढून टाकायचं, मग ते कितीही प्रसिद्ध असो.

बरोबर कुणी असेल तर प्रत्येकाने आपापली एकच ओळ लिहायची: 'हे राहिलं तर मला चुटपुट लागेल.' चौघांच्या चार ओळी बेतात आधी बसवा, बाकीचं नंतर. 'तुम्ही ठरवाल ते' म्हणणाऱ्या माणसाकडून तर ही ओळ लिहून घ्याच. प्रवासात सगळ्यात जास्त तोच कुरकुरतो.

२. हातातले खरे दिवस मोजा

सात दिवसांची सुट्टी म्हणजे सात दिवसांची सहल नव्हे. जायचा एक दिवस आणि यायचा एक वजा करा. मुक्कामाचं गाव बदललं की प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो: सामान भरणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, प्रवास, नवी खोली मिळेपर्यंत बॅगा सांभाळत बसणं. सात दिवसांत तीन गावं घेतलीत तर हातात जेमतेम चार दिवस उरतात.

म्हणून दिवसांपेक्षा रात्री मोजायची सवय लावा. नवख्यांना माझा सल्ला: एका ठिकाणी तीन रात्रींपेक्षा कमी राहू नका. पहिल्या दिवशी आपण गावाला बिचकतो, दुसऱ्या दिवशी बघतो, आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा माणूस ओळखीचं हसतो.

३. हवामान, उजेड आणि बंदचे वार

हवामान सगळेच बघतात, उजेड फार थोडे. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये डिसेंबरअखेर दिवस जेमतेम चार तासांचा असतो आणि जूनमध्ये सुमारे एकवीस तासांचा. एकाच गावाचे हे दोन अगदी वेगळे बेत झाले. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जात असाल तर ऋतू उलटे असतात हे माहीत असूनही बॅग भरताना विसरायला होतं.

मग वार बघा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, त्याच शहरातलं ओर्से संग्रहालय सोमवारी, आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी. सोमवार-मंगळवार असे दोनच दिवस हातात असलेला माणूस पॅरिसमध्ये क्रम चुकला तर दोन्ही दारांवरून परत येईल, आणि क्रम बरोबर लावला तर दोन्ही बघून होईल. काम पाच मिनिटांचं आहे. ते संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर करा, कारण इतरांनी लिहून ठेवलेल्या वेळा जुन्या असू शकतात.

४. नकाशावर टिंबं टाका

या पायरीवर मी सगळ्यात जास्त रमते, आणि तुम्हीही रमा.

जे जे बघावंसं वाटतं त्या सगळ्यावर नकाशात एकेक टिंब टाका. फोनवरच्या नकाशात जागा साठवता येतात, तेही चालेल. आठवडाभर टाकत राहा. वाचताना काही सापडलं की टिंब, कुणी काही सांगितलं की टिंब. मग एका संध्याकाळी निवांत बसून त्या नकाशाकडे नुसतं बघा. टिंबांचे पुंजके दिसायला लागतात. एका पुंजक्यात पायी फिरता येतं, तो एक दिवस. दुसरा पुंजका नदीपलीकडे, तो दुसरा दिवस. आणि दोन-तीन टिंबं लांब कुठेतरी एकटीच पडलेली दिसतात. बेत बिघडवतात ती हीच. एका टिंबासाठी जाऊन-येऊन सहा तास मोडणार असतील तर पुन्हा वहीचं पहिलं पान.

अंतर किलोमीटरमध्ये वाचू नका, तासांत वाचा. नकाशावर वीतभर दिसणारा घाट अर्धा दिवस खातो. आणि नकाशा सांगतो ती वेळ दीडपट धरा. त्याला तहान लागत नाही, फोटो काढायचे नसतात, चुकीच्या फलाटावर उभं राहायची सवय नसते.

टिंबं एका रेषेत असतील तर गेलो त्याच वाटेने परत येऊ नका. एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्याच शहरातून परतीचं विमान धरायचं, असं तिकीट काढता येतं. बुकिंगच्या पानावर 'मल्टी-सिटी' नावाचा पर्याय असतो तो हाच. मी दोन वर्षं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं आणि दर वेळी एक अख्खा दिवस उलट्या प्रवासात घालवत होते.

५. तिकिटं काढण्याआधी मर्यादित जागा बघा

आपला हात आधी विमानाच्या तिकिटाकडे जातो. थांबा. ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही चालला आहात, तिची तिकिटं कधी सुटतात ते बघा. ॲमस्टरडॅममध्ये दुसऱ्या महायुद्धात डायरी लिहिणारी ॲन फ्रँक ज्या घरात लपून राहिली, तिथली तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात; दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची सुटतात. मिलानमध्ये लिओनार्दोच्या 'लास्ट सपर' या भित्तिचित्रासमोर मोजकी माणसं सोडतात, तीही पंधरा मिनिटांसाठी. स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अलाम्ब्रा किल्ल्यात नासरी राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते. अशा तारखा बेताचे खांब समजा. खांब आधी रोवा, मग त्यांच्याभोवती प्रवास बांधा.

आता प्रवासाच्या तिकिटांमधले खड्डे. पहिल्यात मी स्वतः पडले आहे.

मध्यरात्रीचं तिकीट. माझ्या तिकिटावर १४ तारीख होती आणि वेळ ००:२०. चौदा तारखेच्या संध्याकाळी मी अंथरुणावर कपड्यांच्या घड्या मांडून हौसेने बॅग भरत होते. चेक-इन करावं म्हणून ॲप उघडलं तर त्यात माझा प्रवास 'पूर्ण झालेला' दिसत होता. विमान एकोणीस तासांपूर्वीच उडालं होतं. ००:२० म्हणजे तेराची रात्र संपल्यानंतरची वीस मिनिटं! तेव्हापासून मध्यरात्रीनंतरचं कुठलंही तिकीट असलं की मी वहीत 'तेराच्या रात्री जेवून निघायचं' असं वाक्यात लिहिते. मुक्कामाचं बुकिंगही याच हिशेबाने तपासा.

वेगवेगळ्या तिकिटांची जोडाजोड. दोन कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं जोडून प्रवास स्वस्त होतो खरा, पण पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही देणार नाही. वर बहुतेक वेळा सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी विमानतळाच्या बाहेरच्या भागात यायचं, म्हणजे त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. अशी जोड लावायचीच असेल तर मध्ये एक रात्र ठेवा.

एकाच शहराचे दोन विमानतळ. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून पुढे जायचं असेल तर मध्ये शहराला वळसा आहे. टोकियोत हानेदा शहरालगत, तर नारिता मध्यवर्ती भागापासून सुमारे साठ किलोमीटरवर. नुसतं शहराचं नाव वाचून समाधान मानू नका, विमानतळाचे तीन अक्षरी कोड जुळवा.

तारीखरेषा. पॅसिफिक महासागर ओलांडताना तारीख मागेपुढे होते. टोकियोहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरू शकतं. उलट दिशेला एक दिवस गिळला जातो.

आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं. लाडाचं नाव, गाळलेलं आडनाव, बदललेली अक्षरं, काहीही चालत नाही.

६. मुक्काम कसा निवडायचा

खोलीच्या फोटोंपेक्षा तिच्या आसपासचा नकाशा जास्त बघा. टिंबांच्या सगळ्यात मोठ्या पुंजक्याजवळ, आणि स्टेशन किंवा बसथांब्यापासून सामान ओढत चालता येईल इतक्या अंतरावर. अभिप्राय वाचताना सगळ्यात चांगले आणि सगळ्यात वाईट सोडून द्या, मधले वाचा. 'सगळं ठीक, पण पहाटे पाचला कचऱ्याची गाडी येते' असं लिहिणाऱ्या माणसावर माझा फार विश्वास आहे.

रात्री उशिरा पोचणार असाल तर दार कोण उघडणार हे लेखी विचारून ठेवा. 'मोफत रद्द करता येईल' याची शेवटची वेळ बऱ्याचदा हॉटेलच्या गावाच्या घड्याळाप्रमाणे असते, आपल्या नाही. ती वेळ वहीत आपल्या घड्याळात बदलून लिहा.

७. कागदपत्रं

यात गंमत काही नाही, पण चूक झाली तर सहल दारातच संपते.

- पासपोर्ट. परतीनंतरही निदान सहा महिने वैध असावा अशी अट बरेच देश घालतात. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट), व्हिसासाठी तिथून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तीन महिने वैधता लागते आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो. कोरी पानंही मोजा.
- व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. वाटेत विमान बदलणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही बघा. हा प्रश्न भलेभले विसरतात.
- प्रवासविमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. सक्ती नसली तरी घ्या.
- पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा दाखला, जिथे मागतात तिथे. तो लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही.
- गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आणि बरोबर मूळ परवाना. नुसता आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही.
- औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्या.
- या सगळ्याची एक छापील प्रत आणि एक फोनमध्ये, नेटशिवाय उघडेल अशी.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती जवळच्या सामानातच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा चालते. डब्यावर एमएएच (बॅटरीची क्षमता) छापलेलं असतं, नेहमीच्या ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ही मर्यादा साधारण २७,००० एमएएच होते.

८. पैसे

थोडक्यात सांगते. तीन रकाने करा: आधीच दिलेले, तिथे रोज लागणारे, आणि अडीअडचणीचे. तिसरा रकाना रिकामा असेल तर सहलीतले दिवस कमी करा, तो रकाना नको. दोन कार्डं दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. परदेशात कार्डाच्या यंत्राने 'तुमच्या चलनात घेऊ की इथल्या?' असं विचारलं तर इथलंच चलन निवडा. आपलं चलन सोयीचं वाटतं, पण त्यासाठी लावलेला दर बहुधा आपल्याला महागात जातो.

९. दिवस आखा, पण भरू नका

नवखा माणूस इथे हमखास घसरतो. इतकं वाचून झालेलं असतं की काहीच सोडवत नाही. मग पानावर सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत तासातासाचं वेळापत्रक उभं राहतं, आणि आपणच आपली शिट्टी होऊन बसतो. मी झाले होते. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, आता इथून किती मिनिटांत निघायचंय?" त्या संध्याकाळी वहीतली पुढची दोन पानं मी काट मारून टाकली.

आता माझ्या पानावर दिवसाला एकच पक्की गोष्ट असते, शक्यतो सकाळी. खाली 'जमलं तर' म्हणून एक, पाऊस आला तर आडोशाची एक, आणि दुपार कोरी. सलग चार दिवस फिरून झाल्यावर एक अख्खा दिवस काहीच नाही. बेत नीट आखलेला असला की कोऱ्या दुपारी धाकधूक नसते. परतीची शेवटची गाडी कधी आहे, जवळ काय आहे, उद्या किती वाजता उठायचंय, हे सगळं ठाऊक असतं. मग कठड्याला टेकून हवा तितका वेळ उभं राहता येतं.

१०. निघायच्या आदल्या दिवशी

पहिल्या रात्रीचा पत्ता कागदावर लिहा, तिथल्या स्थानिक लिपीतही, आणि खिशात ठेवा. फोन बंद पडला तरी तो दाखवून पोचता येतं. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या. रोजचा मुक्काम आणि गाड्यांची वेळ असलेलं एक पान घरी कुणाजवळ तरी देऊन ठेवा. तिकिटांच्या तारखा मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. ००:२० मला दिसलं नव्हतं, पण माझ्या बहिणीला दिसलं असतं.

परत आल्यावर बॅग रिकामी करायच्या आधी त्याच वहीत शेवटच्या पानावर काय चुकलं ते लिहून काढा. चार दिवसांनी फोटोंमधलं तेवढं लक्षात राहतं आणि बाकीचं पुसलं जातं. माझ्या ताज्या पानावर तीन ओळी आहेत: 'छत्री एकच नेली, माणसं तीन.' 'बोटीची वेळ रविवारी वेगळी असते.' आणि मुलीच्या अक्षरात, 'पुढच्या वेळी बंदरावर दोन दिवस.'